फोनातला कोसा

पोरगी आली तवा मी अंगनात राख चाळून राह्यली होती. उन्हाळ्याचे दिवस. तिनं पाय धुतले, पानी पेलं, आन् म्हने, "माय, तुह्याशी काम हाये."

"बोल."

"खेळ खेळाचा हाये."

मी चाळनी हातातून ठेवली नाई. एवढी बावीस वर्साची पोरगी, चांद्याहून एसटीत धक्के खात आली, आन् मायले म्हनते खेळ. तिनं पिशवीतून फोन काढला, जुनाच होता, बटनाचा, एका कोपऱ्यात चिरलेला. "याच्यात हाये," म्हने.

"कशाचा खेळ?"

"कोशाचा."

तवा मात्र मी चाळनी ठेवली.

चांदा म्हनजे आताचं चंद्रपूर. आमी जुने लोक चांदाच म्हनतो. पोरगी तिथी मोबाईलच्या दुकानात कामाले होती. दुकान एका मुसलमान चाचाचं. दिवसभर ती लोकाईच्या फोनावर काच चिटकवे, आन् संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासात जाये. तिथीच ती खेळ बनवाले शिकली. तिनं मले समजावून सांगतलं होतं, का मोठाले खेळ बनवाले लई मानसं लागतेत, पन फोनातले लहान खेळ एकटा मानूसबी बनवते. पुन्याकडची एक कंपनी असे लहान खेळ घेते आन् लोकाईले फोनात उतरवून घ्याले ठेवते. पोरीनं आधी एक खेळ पाठवला होता, मोटारगाडीचा. तो वापस आला. आता हा दुसरा. एका मानसाचे दोनच खेळ ते पाह्यत. हा घेतला तर तिले तिथीच काम देनार होते. नाई घेतला तर काच चिटकवनं होतंच.

आन् कंपनीची एक अट होती. ज्यानं जन्मात असा खेळ पाह्यला नाई, त्याच्या हाती खेळ द्याचा आन् आपन तोंडातून अक्षर काढाचं नाई. त्याले त्याचा त्याले समजला पाह्यजे. नाई समजला तर खेळ पाठवूच नोका म्हने.

"मंग तुले मीच भेटली काय?" मी म्हटलं.

"फोनातलं एवढं काईच न समजनारं दुसरं कोनी हाये काय गावात?" म्हने आन् हासली.

आमी ढिवर. पान्यात मासोळी आन् रानात कोसा, दोनावर आमचं पोट. कोसा म्हनजे ज्याच्यातून रेशीम निंगते ते अंड्यासारखं घर. किडा ते आपल्या भोवती विनते. तो किडा घरात नाई होत, रानात येनाच्या, म्हनजे ऐनाच्या, झाडावर सोडावा लागते, आन् तो पान खात खात बोटाएवढा होयेपर्यंत राखावा लागते. कावळा नेते, गांधीलमाशी नेते, मुंगळे तर खालून चढतेच. म्हनून झाडाच्या बुडाशी राख टाकाची आन् हातात गुलेल घेऊन दिवसभर उभं राहाचं. झाडाचा पाला सरला का किड्याले हात न लावता डांगच, म्हनजे अख्खी फांदीच, कापाची आन् दुसऱ्या झाडावर ठेवाची. दीड महिना असंच. त्या दीड महिन्यात घरात मासोळी शिजत नाई, डोक्शाले तेल नाई, फनी नाई, पायात चप्पल घालून झाडाखाली जाचं नाई. सासूनं मले असंच शिकवलं. मी काऊन म्हनून कधी विचारलं नाई.

पोरगी त्याच झाडाखाली वाढली. तिचा नेम माह्यापेक्षा चांगला होता.

तर मी हात धुतले आन् फोन घेतला. पोरगी समोर बसली, ओठ दाबून. फोनात एक हिरवं झाड दिसलं, त्याच्यावर बारीक बारीक हिरवे किडे. खाली एक बाई उभी, लुगडं काष्ट्याचं, हातात गुलेल.

"हे मी हाये काय?"

पोरगी बोलेना. बोलाची मनाई होती तिले.

मी एक बटन दाबलं, बाई उजवीकडे गेली. दुसरं दाबलं, गोटा सुटला. कावळा आला तवा मी बाईले झाडाच्या इकडून तिकडे नेली, आन् मारला. पोरगी मुंडी हालवून राह्यली होती. मले वाटलं, लई सोपं हाये.

मंग मी उठली. पोरगी घाबरली. "काय झालं माय?" तिच्यानं राहावलं नाई.

"चुलीवर मासोळी हाये," मी म्हटलं. "उतरवून येतो. आन् चपला काढतो."

"माय, फोन हाये तो."

"किडे हायेत ना त्याच्यात?"

मी मासोळी उतरवली, शेजारी देऊन टाकली, हात धुतले, चपला दाराबाहेर काढल्या. माही जेठानी, आमी तिले मोठी म्हनतो, कुंपनापलीकडून पाहून राह्यली होती. वाटी घेतली तिनं मासोळीची, पन बोलल्याबिगर राहाची नाई ती.

"बाई, फोनासाठी मासोळी सोडली? उद्या टीव्हीसाठी दात घासाचे सोडशीन."

"तू खाय ना मोठी. तुले काय करनं हाये."

वापस येऊन पाहतो तर झाडावर एक किडा नाई. मी मासोळी उतरवत होती तवा कावळे येऊन गेले होते. खेळ तसाच चालून राह्यला होता.

पोरगी म्हने, "असू दे, पुना लाव."

पुना लावला. या खेपेले मी उठलीच नाई. किडे बोटभर झाले. इतक्यात फोनच वाजला. चाचा होता, दुकानातला त्याचा फोन नीट पोहचला का ते विचारत होता. पोरीनं बोलून फोन मले दिला तर पुना रिकामं झाड.

तवा मी म्हटलं, "बाई, तू लहान होती तवा मी पानी पेवाले जावो तर तुह्या बापाले हाक मारो. तो उभा राहे. आता याच्यात कोन उभा राहीन? मानसाले फोन येते, कोनी दारात येते, पोरगं रडते. खेळ थांबला पाह्यजे. आपन आलो का जिथी होता तिथूनच चालला पाह्यजे."

पोरीनं वहीत लिहिलं.

तिसऱ्या खेपेले मी राख टाकली, डांगा हालवल्या, गांधीलमाशा हाकलल्या. एक किडा गेला नाई माहा. मले वाटलं आता कोसे होतेत. आन् एकाएकी किडे लटकले. मुंडी खाली, मऊ पडून, पिवळं पानी गळत. सगळे. एका दमात.

मी फोन मांडीवर ठेवला.

"हे काऊन मेले?"

"रोग हाये माय. कधीबी येते तो. मी तसंच ठेवलं."

"मी चुकली काय?"

"नाई."

"मंग मले काऊन हरवलं?"

"खरं तसंच होते ना. तूच तं म्हने, असंच होते."

मी म्हनली होती. ते खरंच हाये.

ती नवाक वर्साची होती. तिच्या बापाले छातीत पानी झालं होतं, त्याले गडचिरोलीले दवाखान्यात न्याचं होतं. निंगाच्या आदल्या दिवशी मी झाडं पाह्यली. दोन झाडांवरचे किडे खाऊन नाई राह्यले होते. पान समोर, आन् किडा गप बसलेला. बाकीचे मोठे झाले, हे बारीकच. सासूनं दाखवून ठेवलं होतं मले, का असं दिसलं तर त्या डांगा कापून दूर नेऊन गाडाच्या, नाई तर रोग सगळ्याले लागते. मी पाह्यलं आन् ठरवलं, सकाळी कापतो. सकाळी माह्या मानसाले श्वास घेता येत नव्हता. जीप भेटली, आमी गेलो. पोरगी सासूसंग रानात राह्यली. सासूच्या डोळ्याले तवा दिसत नव्हतं.

आठ दिवसांनी मी आली तर पोरगी झाडाखाली उभी, हातात गुलेल. वर सगळे किडे लटकलेले. वास सुटला होता. ती मले म्हने, "माय, मी एकबी कावळा येऊ देल्ला नाई." मी तिले जवळ घेतलं आन् म्हटलं, असंच होते बाई. त्या वर्सी कोसा झाला नाई. आमी पावसाळाभर आंबील पेलो. तिचा बाप वापस आला, दोन वर्स जगला. त्याच्यात काई सांगासारखं नाई.

पन पोरीले मी डांगांचं कधी सांगतलंच नव्हतं. आधी ती लहान होती. मंग ते राहूनच गेलं. आन् तिनं माहंच बोलनं खेळात आनून ठेवलं.

मी तिले सांगतलं तवा. दोन झाडं, न खानारे किडे, सकाळी कापतो म्हटलं ते. सारं.

पोरगी म्हने, "म्हनजे तवा दिसत होतं?"

"मले दिसत होतं. तुले कोनी दाखवलं नव्हतं."

"मले वाटे, मीच कुठी तरी झोपली असन."

मी तिच्या डोक्शावरून हात फिरवला. तेलकट होतं, चांद्याचं सुवासिक तेल. म्हटलं, "रानात मानूस कोनाले विचारन, माहे किडे काऊन मारले म्हनून? पन हा खेळ तं तू केला. तुले विचारता येते. म्हनून आधी दाखव. किडा खानं सोडते ते दाखव, मंग बारीक राहते ते दाखव. ज्यानं पाह्यलं त्यानं डांग कापाची. ज्यानं नाई पाह्यलं तो हरला तर त्याले समजन आपलं काय चुकलं. तो पुना खेळन. असा एकाएकी मारशीन तर फोन फेकून देईन मानूस."

"तू फेकला नाई."

"तुह्यावाला होता म्हनून."

ती हासली. नाक पुसलं आन् वही काढली.

संध्याकाळपर्यंत मी पुना खेळली. या खेपेले रोग आला नाई, नशीब. किड्याईनं कोसे विनले. सोन्यासारखे पिवळे दिसत होते फोनात, झाडभर. मी एक एक तोडले. बाई टोपलीत टाके. शेवटी दहाबारा राह्यले, त्यातले सगळ्यात ठोसर. मी फोन पोरीच्या हाती देल्ला.

"झालं."

पोरीनं पाह्यलं. "माय, हे राह्यले ना अजून."

"ठेवले."

"काऊन?"

"बेन्याले."

फोनात लाल अक्षरं आली होती. पोरीनं वाचून दाखवलं, वेळ संपला, तुम्ही हरलात. सगळे कोसे तोडले तरच जिंकाचं, असं तिनं बनवलं होतं.

"सगळे तोडले तर पुढच्या पिकाले पाखरू कशातून निंगन? अंडे कोन देईन?" मी म्हटलं. "तुह्या आजीनं उपास काढला पन बेन्याचा कोसा विकला नाई. हा कोनता खेळ, जो बेनं ठेवनाऱ्याले हरवते?"

पोरगी फोनाकडे पाहून राह्यली होती. मले वाटलं मी तिचं काम बिघडवलं. म्हटलं, "नसन जमत तर तोडतो. दे इकडे."

"थांब माय," म्हने. "थांब जराशी."

आन् लिहीतच बसली. भाकर थंडी झाली तरी लिहीत होती.

सकाळच्या एसटीनं ती चांद्याले गेली. पंधराक दिवस आली नाई. एकडाव फोन आला शेजारच्या घरी, म्हने करून राह्यली हावो, पन खेळ जड झाला. जड म्हनजे काय ते मले समजलं नाई. मंग तिनं सांगतलं, लहान फोनात जागा कमी राहते. तिनं खेळात गानं टाकलं, ढग टाकले, बाईच्या लुगड्याले काठ टाकला, तर चाचाच्या दुकानातला जुना फोन अडकून बंदच पडला. चाचा तिले म्हनले, "बेटी, जो गेम फोन को लटका दे वो मैं किसी के फोन में नहीं भरता. लोग बनानेवाले को थोड़ी ढूँढते हैं, गाली मेरे को देते हैं." चाचा हातगाडीवाल्याच्या फोनात गाने भरून दे, चाचाच्या साऱ्या गिऱ्हाइकाईचे फोन असेच जुने. पोरीनं गानं काढलं, ढग काढले.

"लुगड्याचा काठ ठेवला," म्हने. "तेवढा बसते."

ती आली तवा पाऊस पडाच्या तयारीत होता, बेन्याच्या कोशाच्या माळा घरात टांगल्या होत्या. पन या खेपेले मी कामाची नव्हती. मले खेळ माहीत झाला होता. नवीन मानूस पाह्यजे होता, ज्याले काईच माहीत नाई.

"मोठीले बोलवू काय?" मी म्हटलं.

पोरीचा चेहरा उतरला. मोठीनं आयुष्यात कोनाची गोष्ट चांगली म्हटली नव्हती. पन किडे तिनंबी माह्याएवढेच राखले होते. म्हटलं, "तिले समजला तर कोनालेबी समजन."

मोठी आली, पाय पसरून बसली. "दाखव, कोनतं रत्न आनलं चांद्याहून."

पोरीनं तोच चिरलेला फोन देल्ला आन् ओठ दाबले. मले म्हने, "तूबी बोलाचं नाई माय. एकबी शब्द नाई." मी पदर तोंडात धरला.

मोठीनं फोन उलटा धरला. मंग सुलटा. बटन दाबलं. "ही कोन बाई? तुहीच माय दिसते. अशीच भटकते." गोटा सुटला, कावळा उडाला. "हं." मुंगळे आले. फोनातल्या बाईजवळ राखेची टोपली होती, मोठीनं तिले टोपलीजवळ नेली. "राख टाकाले लावते काय मले." टाकली. मंग तिची सून तिकडून हाक माराले लागली. मोठी उठून गेली, फोन खाटेवर. मी पोरीकडे पाह्यलं. पोरीनं फोनाले हात लावला नाई. मोठी आली, बटन दाबलं. किडे होते तिथीच होते. तिले त्याचं नवल वाटलं नाई, आन् तेच बरं झालं.

किडे मोठे झाले. मंग एका डांगेवरचे किडे बारीकच राह्यले. पान समोर होतं, खाऊन नव्हते राह्यले. मले दिसलं. मोठी कावळ्याच्या मांगे होती. तिनं पाह्यलं नाई. पोरगी माहा हात धरून बसली होती. पदर माह्या दातात. मी बोलली असती तर खेळ गेला असता.

मोठी कावळा मारून वापस आली. फोन डोळ्याजवळ नेला. "हे काऊन नाई खाऊन राह्यले?" स्वतःशीच म्हने. पोरीकडे पाह्यलं, "ओ पोरी, हे खात नाईत." पोरगी गप. "सांगत काऊन नाई, मुकी झाली काय?" गप. मोठीनं दोन शिव्या घातल्या, आन् बटनं दाबून दाबून बाईले त्या डांगेखाली नेलं. आता फोनातल्या बाईच्या हातात कोयता आला. मोठीनं डांग कापली.

"गाडाची कुठी?" म्हने. बाजूले खड्डा दिसला तिले. तिनं गाडली.

पोरीनं श्वास सोडला तो मले ऐकू आला.

कोसे झाले. मोठीनं तोडले, बोलत बोलत, का असे ठोसर कोसे आजकाल होतेत कुठी. दहाबारा ठेवले आन् फोन खाली ठेवला. तवा त्या ठेवल्याल्या कोशातून पाखरं निंगाले लागली. फोनात पाऊस पडला, नवीन झाड आलं, आन् पाखराईनं जेवढी अंडी देल्ली तेवढे किडे त्याच्यावर. नवं पीक. जेवढं बेनं ठेवलं तेवढं पुढं चालनार, आन् ज्यानं काईच ठेवलं नाई त्याचं तिथीच सरनार, असं तिनं करून ठेवलं होतं.

मोठी पाहतच राह्यली. "दुसरं पीकबी हाये याच्यात?" म्हने आन् फोन पुना उचलला.

पोरीनं तो घ्याले हात पुढं केला तर मोठी म्हने, "थांब वो, कावळा येईन."

खेळ गेला पुन्याले. महिनाभर काई समजलं नाई. मी खरे किडे झाडावर सोडले, रानात राहाले गेली. एक दिवस पोरगी पावसात भिजत रानातच आली, चप्पल दूर काढून. झाडाखाली येऊन उभी राह्यली आन् म्हने, "घेतला माय." मी गुलेल खाली ठेवली नाई, कावळा होता. तो गेला मंग तिच्याकडे पाह्यलं. काम पुन्याले नाई, नागपूरच्या हापिसात देल्लं होतं. ते बरंच झालं, एसटी सरळ जाते. तिले त्याईनं विचारलं होतं, बेन्याचं कोनी सुचवलं. तिनं सांगतलं, घरातूनच.

चाचानं तो चिरलेला फोन वापस मांगितला नाई. पोरीनं तो मले ठेवून देल्ला, खेळासकट. कोसा तोडून मी घरी आली तवा तो फोन पाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी दारात उभी. केस मोकळे, ओले, तेल नाई, फनी नाई. चपला तिनं कुंपनापाशीच काढल्या होत्या.

"फोन दे वो," म्हने. "माहे किडे तिथीच असतीन ना?"